शॉक लागून कुणी भाजलं तर: आधी करंट तोडा, मग माणसाला हात लावा

आमच्याकडे कुणाला करंट लागला की वायरिंगवाला म्हणून हाक मला येते, आणि तिथे जमलेल्या गर्दीचे सल्ले ऐकून डोकं फिरतं. म्हणून एकदाच नीट लिहितो.

पहिलं काम म्हणजे करंट तोडणं, आणि सगळा घोळ इथेच होतो. नेहमीचा प्रकार घ्या, कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या शेडला बांधलेली, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याला घासून सोललेली, वरून पाऊस. बाई ओला टॉवेल टाकायला जाते नि चिकटते, तिला सोडवायला नवरा धावतो, त्याला धरायला पोरगा. २३० व्होल्टच्या एसी करंटने मूठ आवळली जाते, सोडायची म्हटली तरी सुटत नाही, त्यामुळे "अरे ओढा तिला" म्हणून ओरडणारा माणूस फक्त आणखी एक पेशंट तयार करत असतो.

घरातल्या उपकरणाचा शॉक असेल तर मेन पाडा. नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून हात लावू नका, चुकीच्या वायरिंगमध्ये बटणावर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटतो आणि फेज (करंट आणणारी वायर) तसाच चालू राहतो. पण वर सांगितलेल्या तारेच्या केसमध्ये मेन पाडूनही उपयोग नाही, कारण सर्व्हिस वायर मीटरच्या आधीची! हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी एकाने वीज कंपनीच्या १९१२ ला फोन लावून लाईन बंद करायला सांगायचं, दुसऱ्याने कोरड्या फळीवर उभं राहून कोरडं लाकूड, पीव्हीसी पाइप नाहीतर प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला तारेपासून ढकलायचं. ओला किंवा हिरवा बांबू अजिबात नको. आणि ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाईन तुटून पडली असेल तर तिथे लाकूड-बिकूड काही चालत नाही, जमिनीतूनही करंट पसरतो, दहा मीटर तरी लांब थांबा आणि सप्लाय बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी.

सुटला की १०८. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मातीत पुरून करंट उतरवतात म्हणे! करंट अंगात साठून राहत नाही हो, त्या खड्ड्यापायी जीव वाचवायची मिनिटं जातात.

भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा.

बोटावर चवलीएवढा काळा डाग बघून घरी बसू नका. करंट एका जागी शिरतो, दुसरीकडून निघतो आणि मधले स्नायू आतून भाजतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. ईसीजी हवाच. लघवी काळपट व्हायला लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आता पुन्हा होऊ नये म्हणून: तार काढून नायलॉनची दोरी बांधा, आजच. अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट माणसातून किंवा जमिनीत गळायला लागला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) बसवा, "एमसीबी आहे की आमच्याकडे" हे मला सांगू नका, ती ओव्हरलोड नाहीतर शॉर्टसर्किटला पडते, वायर वाचवते, माणूस नाही. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, ट्रिप झाली नाही तर बदलायला टाका.