इंग्लंडमध्ये परगावच्या फुटबॉल सामन्याला जाताना पब निवडताय? या चुका टाळा

शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहणारा मराठी फुटबॉलप्रेमी आपल्या संघापाठोपाठ परगावच्या सामन्यांना जाऊ लागला, की तिकिटाची आणि रेल्वेची खटपट बारकाईने करतो. पबचा प्रश्न मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतो. बहुतेकांची फजिती इथूनच सुरू होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मोबाइलच्या नकाशावर स्टेडियमला अगदी लागून असलेला, भरपूर तारे मिळालेला पब निवडणे. ते तारे एरवीच्या दिवसांचे असतात. सामन्याच्या दिवशी त्याच पबच्या दारावर ‘फक्त यजमान समर्थकांसाठी’ असा कागद चिकटवलेला असू शकतो आणि दारातला सुरक्षारक्षक आत सोडण्यापूर्वी तिकीट दाखवायला सांगू शकतो. तिकिटावर स्टँडचे, म्हणजे स्टेडियममधल्या आसनविभागाचे, नाव असल्यामुळे जर्सी जाकिटाखाली झाकून ‘मी कोणाच्याच बाजूचा नाही’ असे सांगण्याचा काही उपयोग होत नाही. न्यूकॅसलमध्ये सेंट जेम्स पार्क या स्टेडियमच्या समोर असलेला ‘स्ट्रॉबेरी’ हा पब प्रसिद्ध आहे खरा, पण तो न्यूकॅसलवाल्यांचा. तिथे स्टेडियम शहराच्या मध्यातच असल्याने पाहुण्यांनी सेंट्रल स्टेशनच्या आसपास बसावे आणि पुढे चालत जावे, हे उत्तम.

म्हणजे पाहायचे ते अंतर नव्हे, तर वाट. लंडनमधल्या फुलहॅम क्लबच्या सामन्याला जाणारे पाहुणे पटनी ब्रिज स्टेशनजवळच्या ‘एट बेल्स’मध्ये जमतात आणि मग बिशप्स पार्कमधून टेम्सच्या काठाने क्रेव्हन कॉटेज हे त्या क्लबचे स्टेडियम गाठतात. बर्नलीची गोष्ट तर आपल्याकडच्या वाचकाला अधिकच भावेल. टर्फ मूर स्टेडियमला खेटूनच बर्नली क्रिकेट क्लबचे मैदान आहे, जेम्स अँडरसन ज्या क्लबातून पुढे आला तोच हा क्लब. आणि फुटबॉलच्या दिवशी त्याच्या क्लबहाउसमध्ये पाहुण्या समर्थकांचे स्वागत होते. टर्फ मूरचा ‘क्रिकेट फील्ड’ नावाचा स्टँड तिथून हाकेच्या अंतरावर आहे. नुसते ‘पब’ एवढेच शोधत बसणाऱ्याला अशी जागा सापडत नाही. यजमान क्लबच्या संकेतस्थळावर पाहुण्या समर्थकांसाठी बहुधा माहितीचे पान असते. ते आधी वाचावे. चांगली बिअर हीच आवड असेल, तर ‘कॅम्रा’ ही १९७१ साली स्थापन झालेली बिअरप्रेमी ग्राहकांची संस्था दरवर्षी काढत असलेली ‘गुड बिअर गाइड’ उपयोगी पडते, मात्र सामन्याच्या दिवशी तिथे कोणाला प्रवेश मिळतो, याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते.

एवढे करूनही दारातून परत पाठवले, तर हुज्जत घालू नये. पाहुण्यांना कोणता पब घेतो, हे त्याच सुरक्षारक्षकाला नम्रपणे विचारावे. त्याला ते बहुधा ठाऊक असते.

वेळेचा अंदाज चुकणे हीही नेहमीचीच गोष्ट. दूरचित्रवाणीसाठी सामना साडेबाराला हलवला गेला, तर अकरा-बाराला उघडणाऱ्या पबात निवांत जेवण होणे अशक्य. अशा दिवशी सकाळपासून उघडी असणारी ‘वेदरस्पून’ या पबसाखळीची शाखा गाठावी, तिथल्या वातावरणाबद्दल कोणाचे काहीही मत असो. याउलट, तिकीट नसताना ‘पबात बसून टीव्हीवर पाहू’ म्हणून शनिवारच्या तीनच्या सामन्याला परगावी जाणे व्यर्थ आहे, कारण पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण सहसा होत नाही.

कायद्याकडे दुर्लक्ष मात्र महागात पडते. क्रीडा सामन्यांतील मद्यनियंत्रणाच्या १९८५ च्या कायद्यानुसार सामन्याला जाण्यासाठी ठरवलेल्या बसमध्ये दारू बाळगणे आणि नशेत स्टेडियममध्ये शिरणे हे गुन्हे आहेत. आत बिअर विकत मिळाली, तरी मैदान दिसेल अशा जागी ती पिता येत नाही. प्लास्टिकचा पेला स्टँडमागच्या मोकळ्या जागेतच रिकामा करावा लागतो. शिवाय वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टसारखे मूळ ओळखपत्र जवळ असू द्यावे. फोनमधल्या फोटोवर विसंबू नये.

सामना संपल्यावर, विशेषतः आपला संघ जिंकला असेल तर, स्टेडियमजवळच्या पबात डोकावण्यापेक्षा स्टेशनकडे वळावे. शेफील्डला तर ‘शेफील्ड टॅप’ हा उत्तम पब स्टेशनच्या इमारतीतच आहे. फक्त उरलेली बाटली घेऊन गाडीत चढण्यापूर्वी त्या दिवशी त्या गाडीत मद्यबंदी नाही ना, हे फलाटावरच्या सूचनेत पाहून घ्यावे.