पीएच कंट्रोलरवर टँक सोडताय? या चुका टाळा

पीएच कंट्रोलर लावला, की तो कार्बन डायऑक्साइड गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) चालू-बंद करील आणि आपण मोकळे, असं माशांबरोबर पाण्यातल्या झाडांचा टँक ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. पण त्या डब्याला पीएच सोडून दुसरं काहीच कळत नाही. नागपुरात घोळ होतो तो इथेच. एरवी नळाला पेंच-कन्हानचं पाणी. मे महिन्यात नळाची धार बारीक झाली, की टँकमध्ये बोअरचं किंवा टँकरचं.

केएच न मोजता पीएच ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती, हे पीएच आणि केएच दोन्हींवर ठरतं. केएच ४ असेल तर ६.६ पीएचला गॅस साधारण ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असतो. झाडं खूश, मासेही ठीक. आता त्यात बोअरचं जड पाणी पडलं आणि केएच ८ झाला. गॅसने पीएच उतरतो आणि कंट्रोलरचं लक्ष्य ६.६ च, म्हणून तो गॅस सोडतच राहतो आणि आकडा ६० पीपीएमवर जातो. मासे वर येऊन तोंड मारतात, स्क्रीनवर मात्र सगळं बरोबर! केएच ८ ला लक्ष्य ६.९ हवं.

पाणी बदललंच नाही तरी हे होतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या टँकचं पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. वरून रोज बोअरचं पाणी ओतलं, की केएच चढत जातो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला आणि उन्हाळाभर आठवड्याला केएच तपासा. टँकमध्ये लाकूड किंवा पीट असेल तर हे गणित फसतं. तिथे ४ केएचचं द्रावण भरलेला ड्रॉप चेकर (रंगावरून गॅस दाखवणारी काचेची कुपी) जास्त खरं सांगतो.

डोसिंग पंपाने ॲसिड सोडणं

करूच नका. केएच ॲसिड खाऊन टाकतो, पीएच पुन्हा वर येतो, पंप पुन्हा सुरू. केएच संपला की एका रात्रीत पीएच कोसळतो.

प्रोबवर (पीएच मोजणाऱ्या कांडीवर) आंधळा विश्वास

प्रोब जुळवायला लागणाऱ्या, ठरावीक पीएचचं द्रावण देणाऱ्या बाजारातल्या बफर पावडरच्या पाकिटांवर बहुधा ४.०१, ६.८६ आणि ९.१८ असे आकडे असतात. काही कंट्रोलर मात्र ७.०० धरून कॅलिब्रेट होतात. ६.८६ चं द्रावण देऊन ७ चं बटण दाबलं, की तिथेच ०.१४ ची चूक, म्हणजे गॅसच्या हिशोबात जवळजवळ ४० टक्क्यांचा फरक. प्रोब वापरात नसेल तेव्हा आरओच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. टँकमध्ये तो डिफ्यूझरच्या (गॅस पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) बुडबुड्यांत नको, जिथे पाणी फिरत नाही अशा कोपऱ्यातही नको.

आकडा उड्या मारतोय?

टँकमधलं पाणी ग्लासात घेऊन त्यात प्रोब बुडवा. ग्लासात आकडा स्थिर आणि टँकमध्ये नाचत असेल, तर हीटर किंवा पंपातून पाण्यात करंट उतरत असण्याची शक्यता आहे. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा, मग एकेक उपकरण लावून दोषी शोधा. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, कंट्रोलरचं नंतर बघू. एकाच बोर्डावरचा कुलर सुरू होतानाही कधी कधी आकडा हलतो. ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर स्वतः कंट्रोलर बांधला असेल तर प्रोबचा बोर्ड आयसोलेटेड (बाकी सर्किटपासून विजेने वेगळा) घ्या, आणि एका आकड्यावर रिले (सोलेनॉइड चालू-बंद करणारा स्विच) उडवण्याऐवजी दहा-पंधरा आकड्यांचा मधला घ्या.

गॅस चालू आणि बंद होण्याच्या पीएचमध्ये किमान ०.१ चं अंतर हवं, नाहीतर रिले टकटक करत बसतो. सोलेनॉइड वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा घ्या. प्रोब निकामी झाला तरी गॅस बंदच राहिला पाहिजे. रात्री झाडं गॅस वापरत नाहीत, म्हणून कंट्रोलरच्या आधी टायमर लावून गॅस दिव्यांबरोबरच बंद करा.

इन्व्हर्टरवर जागा एकाचीच असेल तर ती एअर पंपाला. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३ च. आणि मे महिन्यात ३२ अंश म्हणजे टँकमधल्या पाण्याचं दुपारचं साधं तापमान.