पूल आणि स्पा एकाच पंपावर असेल तर व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक करताना हे बघा

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच जणांकडे मागच्या अंगणात पूल आणि त्याला जोडून उंचावर स्पा (गरम पाण्याचा छोटा हौद) असतो, पंप मात्र एकच. तिथे दोन थ्री-वे व्हॉल्व्ह (तीन तोंडांचे, पाणी पूलचं की स्पाचं ते ठरवणारे) असतात, एक पाणी ओढायच्या लाईनवर आणि दुसरा पाणी परत सोडायच्या. ऑटोमॅटिक करायचं तर दोन्हींवर २४ व्होल्ट एसीचे ॲक्च्युएटर (व्हॉल्व्हचं हँडल फिरवणारी छोटी मोटर) बसवा, एकावरच बसवून पैसे वाचवायला जाऊ नका प्लीज, कारण स्पातून ओढून पूलमध्ये सोडलं की स्पा बघता बघता रिकामा होतो आणि पंप हवा ओढायला लागतो. उलटं झालं, म्हणजे पूलमधून ओढून स्पात, तर पाणी फक्त काठावरून पूलमध्ये पडतं, ते चालतं, रोज थोडा वेळ तसं फिरवलेलं चांगलंच, स्पाचं पाणी फिल्टर होतं.

बसवल्यावर आधी पंप बंद ठेवा, ॲक्च्युएटरवरच्या छोट्या स्विचने दोन्ही हँडल फिरवून बघा, थांबायची जागा चुकत असेल तर आतले कॅम (थांबायची जागा ठरवणाऱ्या चकत्या) ॲडजस्ट होतात. मग पंप चालू करून पंधरा मिनिटं तिथेच उभं राहा, स्पाच्या टाईलवर पाण्याची पातळी कुठे आहे ते लक्षात ठेवून. कंट्रोलरमध्ये व्हॉल्व्ह फिरताना पंप बंद ठेवायचं सेटिंग असेल तर ते चालूच ठेवा.

रात्रभरात स्पा उतरतोय? स्पाच्या रिटर्न लाईनचा (पाणी परत सोडायच्या) चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, उघडून बघा, बहुतेक वेळा कचरा अडकलेला असतो.