करवंटीच्या कार्बनचा सुपरकॅपॅसिटर, पावसाळ्यात करायचा असेल तर

सुपरकॅपॅसिटर म्हणजे बॅटरीसारखा चार्ज साठवून तो झटकन परत देणारा भाग, शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मस्त विषय आहे आणि गोव्यात करवंट्यांना काय तोटा, पण म्हणून चुलीतला कोळसा कुटून थेट वापरू नका, त्याला छिद्रं फार कमी. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच हवा, म्हणजे मुद्दाम असंख्य बारीक छिद्रं पाडलेला कोळसा, त्याच्या एका ग्रॅमच्या आत 1000 चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो आणि चार्ज साठतो तो त्याच पृष्ठभागावर. तो बनवायला 700-800 डिग्री लागतात, घरी नको ते उद्योग. करवंटीचाच तयार कार्बन फिल्टरवाल्याकडे किंवा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात बघा.

आता खरी कटकट, म्हणजे ओलावा. जून-जुलैत पणजी-मडगावात ही पावडर उघडी ठेवली की हवेतलं पाणी पीत बसते, मग तुम्ही कार्बन म्हणून पाणीच मोजता. म्हणून आधी ओव्हनमध्ये 110-120 डिग्रीला दोन-तीन तास, आणि गरम असतानाच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत.

मास्क लावून खलबत्त्यात बारीक करा, थोडी ग्राफाइट पावडर आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन-चार थेंब घाला (जास्त झालं की छिद्रं बुजलीच), घावनाच्या पिठापेक्षा जाडसर झालं की ग्राफाइट शीटच्या दोन तुकड्यांवर ब्रशने लावून वाळवा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल नको, गंजते. मध्ये फिल्टर पेपर, तो निर्जल सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवलेला, 14.2 ग्रॅम घेऊन पाण्याने 100 मिली करा. वरून क्लिप.

चार्जिंगला 1.5 व्होल्टचा सेल थेट लावू नका, 1.23 च्या वर पाण्याचं विघटन व्हायला लागतं. सेलला 100 ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि त्यातल्या एकाच्या दोन टोकांवरून 0.75 घ्या. एवढ्यावर एलईडी पेटत नाही, तीन कॅपॅसिटर सिरीजमध्ये लावलेत तर लाल पेटेल. किती फॅरड (चार्ज साठवायच्या क्षमतेचं एकक) ते बघायचंय? सेल काढून 100 ओहममधून डिस्चार्ज करा, व्होल्टेज 37 टक्क्यांवर यायला लागलेले सेकंद भागिले 100.

उरलेली पेस्ट डब्याला फासून मोबाईलची रेंज अडवू बघणारे पण असतात. नाही अडत. शील्डिंगला, म्हणजे रेडिओ लहरी अडवायला, छिद्रं नकोत, वीज सलग वाहायला हवी, म्हणजे ग्राफाइट किंवा कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) थर. आणि 20 डेसिबल म्हणजे 99 टक्के पॉवर अडली तरी उरलेल्या 1 टक्क्यावर फोन खुशाल वाजतो, त्यात झाकणाला फट असेल तर बोलायलाच नको.