मान्नाच्या मापाने: घरी राबणाऱ्या ख्रिस्ती आईचा दिनक्रम

मुंबईत घर सांभाळणाऱ्या आईचा दिवस घड्याळापेक्षा नळावर अधिक चालतो. पाणी ठरावीक वेळेतच येते. ते भरून होईपर्यंत डब्याची घाई सुरू होते आणि मुले शाळेत व नवरा लोकलला पोहोचेपर्यंत प्रार्थनेला बसायचे राहून गेलेले असते. यावर उपाय म्हणून मी एकदा चौदा रकान्यांचे रंगीत वेळापत्रक तयार करून कपाटाच्या दारावर लावले होते. चौथ्या दिवशी पाणी दीड तास उशिरा आले आणि ते वेळापत्रक तिथेच संपले. तेव्हापासून मी वेळा ठरवणे सोडले आणि घरात जे रोज घडतेच त्याला प्रार्थना जोडायला सुरुवात केली. पुढील सर्व सूचना त्याच अनुभवातून आलेल्या आहेत.

प्रथम तीन दिवस काहीही न बदलता केवळ नोंद करावी. पाणी केव्हा येते, कुकर केव्हा लागतो, मुले घराबाहेर कधी पडतात, धाकटे मूल केव्हा झोपते, कपडे वाळत घालायला किती वेळ लागतो, हे एका कागदावर लिहून काढावे. या न चुकणाऱ्या गोष्टी म्हणजे घरातल्या खुंट्या होत. ‘सकाळी सहा वाजता बायबल वाचीन’ हा संकल्प मूल रात्रभर खोकले की मोडतो. परंतु ‘पिंप भरत असताना एक स्तोत्र वाचीन’ हा संकल्प पाणी येते तोवर टिकतो.

सकाळच्या खुंटीला एकच स्तोत्र पुरे. बायबलच्या स्तोत्रसंहितेत स्तोत्रे दीडशे आहेत. रोज एक धरले तर सुमारे पाच महिन्यांत ती वाचून होतात. ११७वे स्तोत्र दोनच ओव्यांचे आहे आणि ११९वे १७६ ओव्यांचे, म्हणून या दुसऱ्याचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग मूळ रचनेतच पडलेले आहेत त्याप्रमाणे बावीस दिवस करावेत. बायबल स्वयंपाकघरातच, तेलाचा हात लागणार नाही अशा फळीवर, प्लास्टिकचे आवरण घालून ठेवावे. मोबाइलवर मराठी बायबल वाचता आणि ऐकताही येते, आणि पोळ्या लाटताना ऐकण्याची सोय खरोखर मोठी आहे; मात्र वाचण्यासाठी मोबाइल उघडला की शाळेच्या ग्रुपवरील निरोप आधी दिसतात आणि स्तोत्र बाजूला पडते, म्हणून वाचनासाठी छापील प्रतच बरी.

मुले दाराबाहेर पडतात ती दुसरी खुंटी. डबा, पाण्याची बाटली, ओळखपत्र यांच्या गडबडीत लांब प्रार्थना शक्य नसते आणि तिची आवश्यकताही नसते. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अहरोन याजक व त्याच्या पुत्रांनी लोकांना आशीर्वाद कसा द्यावा हे सांगितले आहे. ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ हे त्यातले पहिले वाक्य मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायला पाच सेकंद लागतात. कॅथलिक घरांत आई मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करते, तीही याच वेळी करता येते. मोठी मुले मित्रांसमोर लाजतात. त्यांच्यासाठी हे दाराच्या आतच उरकावे.

दुपारबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या बायका नेमका तोच भाग गाळतात. मदर्स डेच्या उपदेशात नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातील सद्गुणी स्त्री आपल्यापुढे आदर्श म्हणून उभी केली जाते: ती रात्र सरण्याआधी उठते, लोकर व ताग मिळवते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते. ते ऐकून घरी परतणारी आई आणखी खचते. दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे तिच्या घरी दासी होत्या, आणि पंधराव्या ओवीत त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरी अशी की मूळ हिब्रूत ही बावीस ओव्यांची, प्रत्येक ओवी पुढच्या वर्णाक्षराने सुरू होणारी कविता आहे. ते एका आयुष्याचे कौतुक आहे, एका दिवसाची कामांची यादी नव्हे. याउलट ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला असता देवदूताने त्याला कोणताही उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि मग पुन्हा खाऊ घातले. ‘तू येथे काय करत आहेस?’ हा देवाचा प्रश्न नंतर आला. म्हणून दुपारचे जेवण ओट्याशी उभ्याने, मुलांच्या ताटातले उरलेले खाऊन उरकू नये. ताट वाढून, बसून, अन्नासाठी आभार मानून जेवावे आणि त्यानंतर वीस मिनिटे आडवे व्हावे. हा आळस नाही, दिनक्रमाचाच भाग आहे, हे घरातील इतरांना, विशेषतः सासूबाईंना, प्रेमाने पण एकदाच स्पष्ट सांगून ठेवावे.

संध्याकाळच्या कुटुंब-प्रार्थनेत सर्वांत मोठी अडचण नवऱ्याच्या येण्याची असते. विरारच्या किंवा कल्याणच्या गाडीने येणारा माणूस नऊपर्यंत घरी पोहोचेलच असे नाही, आणि त्याच्यासाठी थांबले की मुले पेंगतात. मुलांबरोबरची प्रार्थना जेवणाआधीच करावी; तो आल्यावर दोघांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणावी. रोझरी, म्हणजे कॅथलिकांची माळेवरची जपप्रार्थना, पूर्ण म्हणायला वीस मिनिटे सहज लागतात. लहान मुले असतील तर सोमवार ते शुक्रवार रोज एकच दशक (दहा मण्यांचा भाग) घ्यावे, म्हणजे आठवड्यात पाचही दशके होतात. प्रॉटेस्टंट घरात एक गीत, शुभवर्तमानातील दहा-बारा ओव्या आणि प्रत्येक मुलाचे आभाराचे एक वाक्य एवढे पुरते. गीत मुलांनी निवडावे. चाळीत भिंतीपलीकडे मालिका चालू असते, त्यामुळे आवाजाची चिंता करण्याचे कारण नाही. तीही ऐकू येते, हीही ऐकू जाईल.

अधिक मुले असलेल्या आईने आठवड्यातून एक संध्याकाळ एका मुलासाठी राखावी. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन व चार्ल्स वेस्ली यांची आई सुझॅना हिने अठराव्या शतकात इंग्लंडमधील एपवर्थ येथे हाच नेम ठेवला होता. गुरुवार जॉनचा आणि शनिवार चार्ल्सचा असे. आपल्या घरात त्यासाठी वेगळी खोली नसते, परंतु भाजी आणायला एकाच मुलाला सोबत नेले तरी ते काम होते.

शनिवारचा नियम निर्गमच्या १६व्या अध्यायातून घ्यावा. अरण्यात देवाने इस्राएल लोकांना दिलेले अन्न म्हणजे मान्ना. तो रोज माणशी एक ओमर (त्या काळचे माप) गोळा करायचा आणि सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा दिवस विसाव्याचा. शनिवारी मसाला वाटून ठेवणे, मटण किंवा कोंबडी मुरवत ठेवणे, मुलांचे कपडे इस्त्री करून काढून ठेवणे, एवढे झाले की रविवारची उपासना किंवा मिस्सा धावपळीत जात नाही. मध्य व हार्बर मार्गावरून चर्चला जाणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉकही शनिवारीच पाहून ठेवावा; परतीची गाडी अनेकदा त्यातच अडकते.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत उपयोगाची आहे. काहींनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले व त्याला घाण सुटली. राहून गेलेल्या वाचनाची थकबाकीही अशीच होते. मंगळवारी ताप, बुधवारी पाहुणे, गुरुवारी मुसळधार पाऊस आणि शाळेची अचानक सुट्टी असे झाले की शुक्रवारी चार स्तोत्रे एकदम वाचण्याचा खटाटोप करू नये. शुक्रवारचे स्तोत्र शुक्रवारी वाचावे, मधली तीन सोडून द्यावीत. पुढच्या फेरीत ती पुन्हा येतातच. अगदीच कठीण दिवसासाठी एक लहान माप ठरवून ठेवावे. माझे माप कुकरची शिट्टी होईपर्यंत म्हणून होणारी प्रभूची प्रार्थना हे आहे. बायबलमधील नहेम्या हा राजाला द्राक्षारस देणारा सेवक; त्यानेही राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी स्वर्गीय देवाला विनंती केली होती.

नवीन सवय डिसेंबरमध्ये सुरू करू नये, कारण करंज्या आणि नाताळची साफसफाई तिला गिळून टाकतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस त्यासाठी अधिक सोयीचे ठरतात. एका वेळी एकच खुंटी धरावी आणि ती तीन-चार आठवडे अंगवळणी पडल्यावर दुसरी घ्यावी. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मुलांच्या वेळा बदलतात, पाणी भरण्याची आणि डब्याची गाठही बदलते, तेव्हा तीन दिवसांची नोंद नव्या कागदावर पुन्हा करावी आणि जुना कागद डब्याखाली घालायला वापरावा.