१२,३४,५६,७८९ चे मूळ अवयव हाताने कसे पाडावेत

मोठ्या संख्येला किती विभाजक आहेत, त्यांची बेरीज किती, ती दोन वर्गांची बेरीज होते का, हे सगळं मूळ अवयवांवरून ठरतं. म्हणून आधी अवयव पाडा.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. उरले १,३७,१७,४२१. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चं काम संपलं. ७, ११, १३ यांसारख्या लहान मूळ संख्या लावून बघा. भाग जात नाही.

खरी अडचण इथून पुढे. ‘एकेक मूळ संख्या घेऊन भागत राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि मीही पूर्वी इथेच तासन्‌तास अडकायचो. त्या वाटेने गेलात तर पाचशेहून जास्त भागाकार करावे लागतील. कृपा करून तसं करू नका. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्माने दिलेली रीत वापरा: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). उरलेली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडता आली, की अवयव हातात आले.

वर्गमूळ येतं ३७०३.७. ते नेहमी वरच्या पूर्णांकाकडेच न्यायचं, म्हणजे ३७०४. हा आपला पहिला ‘अ’. त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की २,१९५ उरतात. लगेच वर्गमूळ काढायला धावू नका, आधी शेवटचे अंक पाहा. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, ९५ ने नाही. २, ३, ७, ८ ने तर कोणताच वर्ग संपत नाही. या एका सवयीने निम्म्याहून जास्त कष्ट वाचतात.

आता ३७०५ घ्या. १,३७,२७,०२५ वजा १,३७,१७,४२१ बरोबर ९,६०४, म्हणजे ९८². अवयव मिळाले: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

मात्र दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत झटपट चालते. संख्या ‘३ गुणिले एखादी प्रचंड मूळ संख्या’ अशी असेल तर ती दमवून टाकते. म्हणून लहान अवयव आधी काढायचेच. पंधरा-वीस प्रयत्नांत वर्ग सापडला नाही, तर निमूटपणे भागाकाराकडे वळा.

शिवाय मिळालेले अवयव मूळच असतील असं धरून चालू नका. ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या, ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा. दोन्ही मूळ ठरतात.

म्हणजे १२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

विभाजक: प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणा, ३ × २ × २ = १२.

त्यांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३), म्हणजे १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून मूळची संख्या वजा केली तर ५,४९,६६,०२७ उरतात, ते मूळच्या संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या.

दोन वर्गांची बेरीज? ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, एवढ्यावर ‘हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो नियम फक्त मूळ संख्यांपुरता आहे. इतर संख्यांत ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. इथे ३६०७ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि तो अवयव एकदाच आला आहे, म्हणून उत्तर स्पष्ट ‘नाही’.