परदेशात गाडी ताब्यात घेताना
परदेशात भाड्याच्या गाडीने लांबचा प्रवास करणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मायदेशातूनच काढून न्या. सोबत मूळ परवाना हवाच, नुसता आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. जपानमध्ये तर 1949च्या जिनिव्हा रस्ते-वाहतूक करारानुसार दिलेलाच आंतरराष्ट्रीय परवाना धरतात.

किल्ली मिळाली की लगेच निघू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. भर उजेडात गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा: बंपरची खालची कड, चाकांच्या रिम, काचेवरचे बारीक तडे, इंधनाचा काटा. पेट्रोल की डिझेल, हे टाकीच्या झाकणाच्या आत बघा. दुसऱ्या देशात शिरणार असाल, तर तशी परवानगी भाडेकरारात लिहून घ्या. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात महामार्गावर चढण्याआधी विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर किंवा डिजिटल पास, लागतं. नकाशे मात्र वायफायवर असतानाच उतरवून घ्या; डोंगरात रेंज जाते.